एका लढाऊ विमानाचा संसार

मागच्या महिन्यात वर्गावर दुसरे महायुद्ध शिकवत होते. माझी नोकरी अर्धवेळ, तास दुपारचे. मुली पेंगुळलेल्या, आणि मी फळ्यावर सनावळ्या लिहीत होते. ब्रिटनने त्या युद्धात अमुक इतकी विमाने बनवली, असे सांगितले आणि मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, मग एवढी विमानं पुढं गेली कुठं?"

आता काय सांगणार? काही पडली, काही मोडीत गेली, असे म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर डोक्यातून ते जाईना. कणीक भिजवतानाही तेच. आपण घरातले जुने पातेलेसुद्धा टाकताना चारदा विचार करतो, कल्हई लावून आणतो, मोलकरणीला देतो, नाही तर कुंडी करतो. आणि हजारो विमाने! शेवटी वाचनालयातून पुस्तके आणली, आणखी इकडून तिकडून माहिती गोळा केली आणि शोधता शोधता एकाच विमानापाशी येऊन थांबले. आमचे हे म्हणाले, "तुला अचानक लढाईचं वेड कुठून लागलं?" मी म्हटलं, लढाईचं नाही हो, एका संसाराचं.

तुम्हीही म्हणाल, लढाऊ विमानाची गोष्ट आणि ती लोणच्याच्या पानाशेजारी? पण मैत्रिणींनो, वाचून तर पाहा. या गोष्टीत पुरुषांपेक्षा बायकाच जास्त भेटतील.

माणसाला नाव, तसा विमानाला नंबर. आपल्या विमानाचा नंबर एमएल ४०७. जात स्पिटफायर, नमुना नववा. १९४४ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच या कारखान्यात ते तयार झाले. एकूण वीस हजारांवर स्पिटफायर बनली, त्यांतली निम्म्याहून अधिक या एकाच कारखान्यातली. पुरुष लढाईवर गेलेले, तेव्हा पत्रे कापायला, रिबिटा ठोकायला, तारा जोडायला तिथे हजारो बायका होत्या. आत मर्लिन नावाचे बारा सिलिंडरचे इंजिन, ताकद सतराशे घोड्यांच्या घरात. वेग ताशी सहाशे किलोमीटरच्या वर. आणि एवढ्या सगळ्यात बसायला जागा फक्त एकाला. तीही इतकी चिंचोळी की खांदे दोन्हीकडे टेकतात. ही एकाची जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

स्पिटफायरचे आणि स्वयंपाकघराचे नाते तर त्याआधीच जुळले होते. १९४० च्या जुलैत इंग्लंडमधल्या बायकांना सरकारने हाक दिली की घरातली ॲल्युमिनियमची भांडी द्या, आम्ही त्यांची विमाने करू. ही हाक रेडिओवरून घरोघर पोचवली लेडी रीडिंग यांनी. भारतात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड रीडिंग यांच्या त्या दुसऱ्या पत्नी. लग्नाआधी त्या दिल्लीत व्हाइसरॉयच्याच कचेरीत काम करीत होत्या. बायकांनी पातेली, किटल्या, झाकण्या, जे असेल ते आणून ढीग घातले. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना "जर्मनची भांडी" म्हणतात ना? जर्मनांशी लढायला जर्मनची भांडी! मला तर हसूच आले. पुढे जाणकारांनी सांगितले की त्या भांड्यांचा विमानांना फारसा उपयोग झालाच नाही, विमानाला लागणारा धातू वेगळ्या प्रतीचा. हे वाचून मात्र हसू मावळले. कुणी तरी आपले रोजच्या दुधाचे पातेले दिले असेल, आणि नंतर कशात दूध तापवले असेल? दुकानात नवे मिळायची मारामार होती.

तर एमएल ४०७ तयार झाले. कारखान्यात तयार झालेली विमाने तळावर पोचवायची कुणी? लढणारे वैमानिक लढाईवर. त्यासाठी वेगळी संस्था होती, एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी. तिच्यात वय झालेले, एखादा हात किंवा डोळा गमावलेले पुरुष वैमानिक होते, आणि १६८ बायका होत्या. विमानात रेडिओ वापरायचा नाही, तोफांत दारूगोळा नाही. ढगाखालून, रेल्वेचे रूळ आणि नद्या बघत बघत जायचे. आज एक जातीचे विमान, उद्या दुसऱ्या जातीचे. एक छोटी वही दिलेली असे, तीत प्रत्येक विमानाची माहिती थोडक्यात. ती वाचायची आणि बसायचे. आपण नवा मिक्सर आणला तरी आधी माहितीपत्रक दोनदा वाचतो, मग भीत भीत बटण दाबतो, आणि या बायका तसेच वाचून विमान आकाशात नेत. एमी जॉन्सनसारखी जगप्रसिद्ध वैमानिक १९४१ मध्ये याच कामात गेली. १९४३ पासून या बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला. त्या काळात, हे लक्षात घ्या. माझ्या पहिल्या नोकरीत मला माझ्याबरोबर लागलेल्या मास्तरांपेक्षा कमी मिळे. विचारले, तर उत्तर मिळाले, "तुम्हाला काय बाई, यजमान मिळवते आहेत."

२९ एप्रिल १९४४ रोजी एमएल ४०७ ला सासरी पोचवायला आली ती जॅकी. लग्नानंतरचे तिचे नाव जॅकी मॉग्रिज. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, प्रिटोरियाचा. सतराव्या वर्षी तिने विमानातून हवाई छत्रीने उडी मारली होती, तिच्या देशात बाईमाणसाने मारलेली पहिली उडी. विमान चालवायला शिकायचे म्हणून ती इंग्लंडला आली आणि युद्धात अडकली. अडकली म्हणावे की रमली? युद्ध संपेपर्यंत तिने पंधराशेच्या वर विमाने पोचवली. तेव्हा तिच्या लेखी एमएल ४०७ हे त्या आठवड्यातले आणखी एक विमान, एवढेच. न्यूझीलंडच्या वैमानिकांच्या ४८५ नंबरच्या स्क्वाड्रनला ते तिने सोपवले आणि ती पुढच्या कामाला गेली.

स्क्वाड्रनमध्ये ते जॉनी हौल्टन या अधिकाऱ्याच्या वाट्याला आले. पाच आठवड्यांनी, ६ जून १९४४ ला, दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. एका दिवसात दीड लाखावर माणसे. आपल्याच विमानांवर आपलेच लोक गोळ्या झाडतील म्हणून आदल्या दोनतीन दिवसांत विमानांच्या पंखांवर आणि पोटावर काळे-पांढरे जाड पट्टे ओढले होते. त्या दिवशी दुपारच्या गस्तीवर असताना हौल्टनला एक जर्मन युंकर्स ८८ बॉम्बफेकी विमान दिसले. त्याने ते पाडले. त्या दिवशी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पाडलेले शत्रूचे हे पहिले विमान, असे श्रेय त्याला आणि एमएल ४०७ ला दिले जाते. पुस्तकांत या प्रसंगावर पानेच्या पाने आहेत. मी ती भराभर उलटली, खरे सांगते. त्या दुसऱ्या विमानातही कुणाचे तरी मुलगे बसले होते.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या वाचकांना सांगायलाच हवी. त्याच दिवसांत, त्याच जातीची स्पिटफायर घेऊन नॉर्मंडीवर जाणाऱ्या स्क्वाड्रनमध्ये १३२ नंबरची एक होती आणि तिच्या नावात "बॉम्बे" होते. विमानांसाठी जगभरातून देणग्या जमवल्या जात. एका स्पिटफायरसाठी पाच हजार पौंड असा हिशेब ठरलेला. देणाऱ्यांचे नाव मग विमानाला नाही तर स्क्वाड्रनला मिळे. तसे हे मुंबईचे नाव फ्रान्सच्या आकाशात गेले.

पुढच्या वर्षभरात एमएल ४०७ या हातून त्या हाती फिरत राहिले. वाड्यातली पुरणाची चाळणी कशी, होळीला जी या घरातून त्या घरात फिरते ती पाडव्यालाच परत येते, तसे. न्यूझीलंडवाल्यांकडून फ्रेंचांच्या दोन स्क्वाड्रनकडे, पोलिश लोकांकडे, बेल्जियमवाल्यांकडे, नॉर्वेवाल्यांकडे, आणि शेवटी फिरून पुन्हा न्यूझीलंडच्या ४८५ कडे. यातल्या बहुतेकांचे देश जर्मनांनी गिळलेले, घरदार मागे राहिलेले. एकाच खुर्चीत बसून किती भाषांत माणसांनी देवाचे नाव घेतले असेल! युद्ध संपले तेव्हा हिशेब असा झाला : १७६ मोहिमा, लढाईवरचे ३१९ तास. आणि विमान धड.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे सुरू होतो. युद्ध संपल्यावर काय?

बहुतेक स्पिटफायर मोडीत गेली, वितळवली गेली. एमएल ४०७ गोदामात उभे राहिले. १९५० मध्ये बनवणाऱ्या कंपनीने ते परत घेतले आणि त्याला एक गोष्ट केली, जिच्यामुळे पुढचे सगळे घडले. त्याला दुसरी बैठक लावली. पुढची जागा थोडी पुढे सरकवली आणि तिच्यामागे आणखी एक बैठक, वर काचेचा वेगळा घुमट. दोन्हीकडे विमान हाकायचा दांडा. म्हणजे मागे मास्तर, पुढे विद्यार्थी. आयर्लंडच्या हवाई दलाला वैमानिक शिकवण्यासाठी अशी सहा विमाने हवी होती. १९५१ च्या जुलैत एमएल ४०७ डब्लिनजवळच्या बाल्डोनेल तळावर गेले, नवे नाव १६२. तिथे ते १९६० पर्यंत ७६२ तास उडाले. जरा हिशेब करून पाहा. लढाईत ३१९ आणि शिकवण्यात ७६२, दुपटीहून जास्त! मी मास्तरीण आहे, मला हा हिशेब फार आवडला, शेजारच्या काकूंनासुद्धा ऐकवला.

उडणे थांबल्यावर काही वर्षे ते नुसते तळावर उभे होते, तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी. १९६८ मध्ये विकले गेले. एका हौशाकडून दुसऱ्याकडे, मग स्कॉटलंडमधल्या एका संग्रहात. सुटे भाग पेट्यांत, सांगाडा वेगळा. अडगळच म्हणायची.

१९७९ च्या अखेरीस ते निक ग्रेस नावाच्या इंजिनियरने घेतले. हा माणूस पेशाने यंत्रांचे आराखडे करणारा, आणि हौस अफाट. कॉर्नवॉलमध्ये सेंट मेरिन इथे नेऊन त्याने ते जोडायला घेतले. पाचएक वर्षे! मागच्या बैठकीवरचा तो वर आलेला घुमट त्याला आवडेना, विमानाचा मूळ घाट बिघडतो म्हणून त्याने स्वतः नवी, बेताची काच आखली. नोंदणीची अक्षरेही हौसेने निवडली, जी-एलएफआयएक्स, म्हणजे त्यात विमानाचा नमुना "एलएफ नऊ" रोमन अक्षरांत बसला. त्याच काळात त्याचे घर वाढत होते, दोन मुले झाली. नवऱ्याच्या अशा छंदापायी बायकोला काय काय वाटत असेल, ते तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको. आमच्या ह्यांनी एक जुना रेडिओ उघडला तर चार महिने जेवायच्या टेबलावर स्क्रू होते.

१६ एप्रिल १९८५ रोजी विमान पुन्हा आकाशात गेले. पुढच्या बैठकीवर निक, आणि मागच्या बैठकीवर त्याची बायको कॅरोलिन. पाच वर्षे सुटे भाग जोडून उभे केलेले यंत्र, पहिलेच उड्डाण, आणि त्यात ही बसली. घरी लहान मुले. मला नसते जमले.

तीन वर्षांनी, १९८८ च्या ऑक्टोबरात, निक गेला. विमानात नव्हे. मोटारीच्या अपघातात. मुले पाच आणि चार वर्षांची.

आता इथे मला जरा थांबायचे आहे, माझ्या मामींबद्दल सांगायचे आहे. मामांचा छोटा छापखाना होता. पायाने चालवायचे यंत्र, खिळ्यांच्या लाकडी पेट्या. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, गणेशोत्सवाचे अहवाल. मामींनी वीस वर्षे दुपारचे काम आवरून तिथे खिळे जुळवले. अक्षर उलटे वाचायला त्या सुलट्याइतक्याच सराईत. मामा गेले आणि तेराव्याच्या जेवणानंतर, पाने उचलायच्या आत, थोरल्या दिरांनी गिऱ्हाईक आणले होते. यंत्र वजनावर गेले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, बाई एकटी काय करणार, असेच सगळ्यांना वाटले. मामींना कुणी विचारले नाही. पुढे कित्येक वर्षे त्या घरी आलेली लग्नपत्रिका आधी पालथी धरून बघत, छपाई कशी उठली आहे ते.

कॅरोलिनच्या अंगणात छापखाना नव्हता, लढाऊ विमान होते. ठेवायला खर्च, सांभाळायला खर्च. तासाला दीडशे लिटरच्या वर पेट्रोल पिते ते. विकले असते तर मुलांची सोय झाली असती आणि कुणी नावही ठेवले नसते. तिला विमान चालवायचा अनुभव होता तो अगदी थोडा.

तिने विमान ठेवले. नुसते ठेवले असते तर तेही समजण्याजोगे आहे, आपण गेलेल्या माणसाची स्कूटर ठेवतो तशी, चादर घालून. पण ही ते चालवायला शिकली.

स्पिटफायर शिकायला सोपे नाही. जमिनीवर असताना नाक एवढे वर असते की समोरचे काही दिसत नाही. डावीकडे उजवीकडे वळत वळत, बाजूने डोकावत न्यावे लागते. पुढची चाके जवळजवळ, त्यामुळे उतरताना कलंडायची भीती. धावपट्टीवर जास्त रेंगाळले तर इंजिन तापते, म्हणजे "थांबा, जरा विचार करते" हीसुद्धा सोय नाही. युद्धात जॅकीसारख्या मुलींना पहिल्या वेळेलाच त्यात एकटीने बसावे लागले, कारण जागाच एकाची. कॅरोलिनच्या विमानात मात्र आयर्लंडच्या पोरांसाठी लावलेली ती दुसरी बैठक होती. शिकवणारा बरोबर बसू शकत होता. १९५० मधल्या त्या बदलाचा उपयोग चाळीस वर्षांनी दोन मुलांच्या आईला झाला. १९९० मध्ये ती एमएल ४०७ घेऊन एकटी उडाली.

एकदा जमल्यावर मग हे नुसते घरचे राहिले नाही. पुढची पंचवीसतीस वर्षे ती ते विमान समारंभांना नेत राहिली, लोकांसमोर कसरती करीत राहिली. त्यातली बरीच वर्षे जगात स्पिटफायर नियमित चालवणारी बाई ती एकटीच होती. शाळेचे डबे, मुलांची आजारपणे आणि इंजिनाची तपासणी, सगळे एकाच घरात.

आणि जॅकी? तुम्हाला वाटले असेल ती गोष्टीतून गेली. तिने १९४५ मध्ये लग्न केले, आई झाली. पण पाय घरात टिकेनात, किंवा पंख म्हणा. १९५० नंतर इस्रायलने ब्रह्मदेशाला स्पिटफायर विमाने विकली, तेव्हा ती पोचवणाऱ्या वैमानिकांत जॅकी होती. सायप्रसहून आखातावरून, आपल्या भारतावरून, थेट रंगूनपर्यंत. आपल्या आयाआज्या अंगणात वाळवणे घालत असतील तेव्हा वरून एक बाई लढाऊ विमान घेऊन चालली होती. पुढे ती प्रवासी विमानांची कॅप्टनही झाली.

२९ एप्रिल १९९४ रोजी, म्हणजे एमएल ४०७ पोचवल्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, जॅकी पुन्हा त्याच विमानात बसली. वय सत्तरीच्या पुढे. १९४४ मध्ये या विमानात तिच्याबरोबर कुणी बसणेच शक्य नव्हते. आता कॅरोलिन बरोबर होती.

२००४ मध्ये जॅकी वारली. तिची रक्षा एमएल ४०७ मधूनच आकाशात सोडली. विमान कॅरोलिन चालवत होती.

डिसेंबर २०२२ मध्ये कॅरोलिनही गेली. ऑस्ट्रेलियात, जिथे तिचा जन्म झाला त्याच देशात. तीही मोटारीच्या अपघातात. इतकी वर्षे स्पिटफायर उडवणारी बाई, आणि नवराबायको दोघेही शेवटी रस्त्यावर! हे वाचले त्या संध्याकाळी माझ्या हातून भाजी लागली. चार वर्षांचा होता तो मुलगा, रिचर्ड, आता जाणता आहे, जुन्या लढाऊ विमानांच्या दुरुस्तीचाच धंदा करतो आणि आईचे विमान स्वतः चालवतो.

हे सगळे मी वर्गात सांगितले, इतिहासाचा आख्खा तास घालवला. त्या मागच्या बाकावरच्या मुलीने ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, ती पहिल्यांदा एकटी गेली, तेव्हा मुलांना कुणापाशी ठेवलं होतं?"